पाचव्या गिअरमधली बदनामी

ताशी पस्तीसच्या वेगाने गाडी चालवणाऱ्या बाईला शर्यत लावल्याबद्दल कुणी जाब विचारू नये, एवढीच नम्रताची मागणी होती. पण त्या मंगळवारपासून खराडीतल्या त्यांच्या सोसायटीत, मुंढव्याच्या पुलावर, विमा कंपनीच्या माणसासमोर आणि खुद्द तिच्या स्वयंपाकघरात, जो येईल तो आधी तिच्याकडे बघायचा, मग तिच्या गाडीच्या इंजिनाला पडलेलं भोक आठवायचा आणि मग एक भुवई वर करून विचारायचा, किती पळवत होतात?

भोक पडलं होतं हे खरं. पेरूएवढं होतं आणि आतून बाहेर पडलं होतं. इंजिनाच्या आत पिस्टनला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो मोडून, इंजिनाची जाड बिडाची भिंत फोडून बाहेर डोकावला होता. पण हे कशामुळे झालं हे विचारायच्या आधीच सगळ्यांनी कारण ठरवून टाकलं होतं, आणि ते कारण म्हणजे नम्रता.

वास्तविक सुरुवात तिच्या नवऱ्यापासून झाली होती. सुदर्शन आयटीत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पुरुषांना वयाच्या पस्तिशीत काहीतरी होतं. कुणी पहाटे उठून पळायला लागतो, कुणी मोठा कॅमेरा घेऊन भिगवणच्या पाण्याकाठी पक्ष्यांना त्रास देतो. सुदर्शनला कात्रजच्या चढावर एका दुधाच्या टेम्पोने मागे टाकलं. नुसतं टाकलं असतं तर निभावलं असतं, पण टेम्पोत मागे कॅनवर बसलेल्या माणसाने त्याच्याकडे बघून लग्नात पाहुण्यांना बोलावतात तसं हाताने "या, या" केलं. त्या "या, या"ने सुदर्शनची झोप उडाली. कॉलेजातला त्याचा मित्र आमोद लोणी काळभोरला गॅरेज चालवायचा, म्हणजे चांगल्या चालणाऱ्या गाड्या उघडून त्यांत नसलेलं काहीतरी घालायचा. त्याने उपाय सांगितला. सुपरचार्जर.

हे यंत्र म्हणजे एक पंप. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाच्या नाकात जबरदस्तीने जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. आमोद त्याची चाकी लहान लावणार होता, म्हणजे पंप आणखी जोरात फिरेल. नम्रताने एवढंच विचारलं, की आपल्या जुन्या गाडीला श्वास कमी पडतोय हे कुणाच्या लक्षात आलं होतं? यावर दोन्ही मित्रांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की बाईमाणसाशी काय बोलावं.

नम्रताने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची काळजी करण्याचं तिने रीतसर शिक्षण घेतलं होतं, आणि चार वर्षांपूर्वी मुक्ताई झाल्यावर त्या शिक्षणाचा पुरेपूर उपयोग सुरू झाला. बागेतली घसरगुंडी, शाळेतला पाण्याचा कूलर, वाढदिवसाच्या फुग्यातला वायू, यांतल्या कशावरही तिचा आंधळा विश्वास नव्हता. तरी तिने सुपरचार्जरला परवानगी दिली. अट एकच, गाडीत मुलं असताना काटा चाळीसच्या पुढे जाणार नाही.

सुदर्शनने ती अट आनंदाने मान्य केली आणि हळूच स्वतःची एक पुढे सरकवली. गाडीचं मायलेज कमी होता कामा नये. हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. माणूस जास्त पेट्रोल पिणारं यंत्र हौसेने बसवतो आणि दुसऱ्याच दिवसापासून ते पेट्रोल पिणार नाही यासाठी घरादाराला कामाला लावतो. आमोदने भारीतलं पेट्रोल भरा, साधं एवढा दाब सोसत नाही, म्हणून बजावलं होतं. पहिली टाकी भारीतल्याची झाली, दुसरी अर्धी अर्धी, तिसऱ्या वेळी सुदर्शन म्हणाला की सगळं एकाच टँकरमधून येतं.

त्यात खालच्या मजल्यावरचे रावसाहेब काका आले. काका एका स्कूटरच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे ते हजेरी बघायचे, पण हजेरी का होईना, कारखान्यातली होती. त्यामुळे इंजिनविषयी सोसायटीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून नम्रताला सांगितलं, की पेट्रोल खातात ते खालचे गिअर. गाडी हलली की दुसरा, तिसरा, चौथा, जिना चढावा तसं भराभर चढायचं, पाचवा टाकायचा आणि विसरून जायचं. नम्रताला कुणी नीट सूचना दिल्या की ती त्या नीट पाळते. सोसायटीच्या फाटकापासून पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत ती पाचव्यात पोचलेली असायची, आणि पुढचा सगळा रस्ता पाचव्यातच. वेग पस्तीस. मुलांनाही धोका नाही, पेट्रोलही वाचतं. यापेक्षा शहाण्या बाईने आणखी काय करायचं?

मुलं म्हणजे एकटी मुक्ताई नव्हे. सोसायटीतल्या तीन आया मिळून मुलांना शाळेत सोडायचं आणि आणायचं. आळीपाळीने टर्न. नम्रताची मुक्ताई, बी विंगमधल्या मिसबाचा कासिम आणि वरच्या केतकी गजभियेचा धम्मदीप. ही व्यवस्था नम्रतानेच उभी केली होती, नियमही तिचेच. मुलं मागच्या सीटवरच बसतील, पट्टे लागल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही, चालवताना फोन नाही, आणि पुढच्या सीटवर बसायचा हट्ट केला तर रडू द्यायचं. एकदा मिसबाने कासिमला पुढे बसवलं, तर नम्रताने तिला आठवडाभर टर्न दिली नव्हती. मिसबाचं माहेर शनिवार पेठेतलं, त्यामुळे ती बोलायची कमी आणि लागायचं जास्त. तेव्हा ती फक्त म्हणाली होती, "बरं, आरटीओ."

सुपरचार्जर बसल्यानंतर महिन्याभरात नम्रताला बॉनेटखालून आवाज यायला लागला. तडतड. तेल चांगलं तापलं की मोहरी बोलते तसा, अगदी तसाच. पुलाचा चढ आला, पाय जरा दाबला, की तडतड. तिने सुदर्शनला सांगितलं. तो म्हणाला, ताकद आली की आवाज येणारच. रावसाहेब काका डोळे मिटून, एक हात बॉनेटवर ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि टॅपेट म्हणाले, म्हणजे आतल्या झडपा सैल झाल्यात. गाडी उभ्या जागी गुणगुणत होती, तडतड फक्त चढावर व्हायची, हे ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत. तिने आमोदला फोन लावून पुलावर चालू गाडीत सुदर्शनला फोन बॉनेटच्या दिशेने धरायला लावला. आमोद पलीकडून समाधानाने म्हणाला, "वहिनी, हा आवाज यावा म्हणून तर लोक पैसे देतात."

तिघा पुरुषांचं मत एक झालं की बाईला भास होत असतो. नम्रताला ही जागा ओळखीची होती. शाळेतल्या कूलरच्या वेळीही ती इथेच उभी होती, आणि नंतर अख्ख्या छोट्या शिशूच्या वर्गाची पोटं बिघडली तेव्हा तिची आठवण कुणाला झाली नाही. म्हणून तिने आपल्या हातात होतं ते केलं. मोहरी तडतडली की ती वेग आणखी कमी करायची. पस्तीसचे तीस, तिसाचे अठ्ठावीस. गिअर मात्र पाचवाच, कारण तो विसरून जायचा होता.

त्या मंगळवारी पुलाच्या चढावर मागून एका पाण्याच्या टँकरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मागच्या सीटवर तीन मुलं, डब्यांत तीन प्रकारच्या पोळ्या. नम्रता घाबरून वेग वाढवणाऱ्यांतली नाही, पण तिने पाय किंचित दाबला. मोहरी तडतडली, वाढली, आणि मग बॉनेटखाली कुणीतरी दगडावर नारळ आपटावा तसा धाड्‌कन आवाज झाला. पाठोपाठ खडखड, मग धूर, मग शांतता. नम्रताने गाडी डावीकडे घेतली, मुलांना उतरवून कठड्याला लावून उभं केलं आणि मोजलं. तीन होती. पुन्हा मोजलं. कासिमने टाळ्या वाजवल्या आणि परत कर म्हणाला.

गाडीखालून काळं तेल ओघळत उतारावर निघालं होतं. वाहतुकीचा हवालदार आला. त्याने आधी तेलाकडे बघितलं, मग बॉनेट उघडायला लावलं, आणि आत लाल रंगाने रंगवलेलं, चकचकीत, आमोदने हौसेने वर आपल्या गॅरेजचं नाव कोरलेलं ते यंत्र त्याला दिसलं. हे काय म्हणून त्याने विचारलं. नम्रता खोटं बोलत नाही. तिने सांगितलं. हवालदाराचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ तो एका अडकलेल्या आईशी बोलत होता, आता वेगळ्याच कुणाशी तरी बोलत होता.

"कुणाबरोबर लावली होती, मॅडम?"

"काय?"

"रेस."

नम्रताने मुलांकडे बोट दाखवलं, डबे दाखवले, मागे रांगेत उभं राहून शिव्या देणाऱ्या टँकरवाल्याला साक्षीला बोलावलं. टँकरवाल्याने एवढंच सांगितलं, की ही बाई चालत होती की उभी होती हेच कळत नव्हतं. ती साक्ष तिच्या बाजूची होती, पण हवालदाराला ती टँकरवाल्याची टिंगल वाटली. पस्तीसला इंजिन फुटत नसतं, हे त्याने तिला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं आणि तेलावर माती टाकायला माणूस बोलावला. तेवढ्यात पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला. त्यात हवालदार कमरेवर हात ठेवून उभा आहे, नम्रता दोन्ही हात पसरून काहीतरी पटवून देते आहे आणि पायाशी काळं तळं आहे. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, "आवरा स्वतःला. मुलं सगळ्यांची असतात." लिहिणारे रावसाहेब काका होते.

विम्याचा माणूस आला तो फार सौजन्याने बोलला, आणि सौजन्याने बोलणारी माणसं नम्रताला मुळातच संशयास्पद वाटतात. सुपरचार्जरची नोंद गाडीच्या कागदांवर आहे का? नव्हती. आरटीओची परवानगी? सुदर्शन खिडकीबाहेर बघायला लागला. मग भरपाई मिळणार नव्हती, ते ठरलंच. त्याचं नम्रताला दुःखही झालं नाही, कारण त्या माणसाने कारणाच्या जागी "अतिवेग" असं लिहिलं होतं आणि ती त्या एका शब्दासाठी भांडत होती. तो बिचारा म्हणाला, की असं इंजिन फुटायची त्यांच्याकडे दोनच कारणं असतात, पाणी शिरलं किंवा पळवली. पाणी शिरलं होतं का? नाही. मग? नम्रताने विचारलं की हळू चालवली असं कारण का नाही. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत कुणी मागितलंच नाही."

हे सगळं तिने गिळलं असतं. गिळता आला नाही तो मिसबाचा निरोप. "सध्या तू आराम कर. आम्ही दोघी बघतो."

आराम कर. ज्या बाईने सीटचे पट्टे टेपने मोजून बसवले, तिला आराम कर. दुसऱ्या दिवसापासून नम्रता फाटकात उभी राहून मुक्ताईला दुसऱ्याच्या गाडीत बसवायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी तिने पाहिलं, की कासिम पुढच्या सीटवर बसला आहे. पट्टा त्याच्या गळ्यावरून गेला होता. नम्रताने काचेवर टकटक केलं. मिसबाने काच निम्मी खाली केली, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "नम्रता, तू नको बोलूस." मागच्या सीटवरून केतकीने फोनवर बोलता बोलताच मान हलवली. गाडी गेली. आपली टर्न गेली हे नम्रताला परवडलं असतं. पण आपण सुरक्षिततेविषयी तोंड उघडलं की लोक त्या फोटोकडे बघणार, आणि पुढच्या सीटवर कासिमच्या जागी उद्या मुक्ताई असेल, हे तिला परवडणारं नव्हतं.

शनिवारी तिने सुदर्शनला स्कूटर काढायला लावली आणि लोणी काळभोर गाठलं. आमोदने इंजिन उघडून ठेवलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर मोडलेल्या रॉडचे दोन तुकडे आणि शेजारी उरलेले तीन रॉड. आमोदने तिला चहा दिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, आता आपल्यातच राहील. कितीवर नेली होती?"

नम्रताने सांगितलं. पस्तीस. पाचवा गिअर. चढ. तडतड. आमोद हसत हसत रॉड हातात घेऊन फिरवायला लागला, आणि त्याचं हसणं हळूहळू थांबलं. त्याने तुकडे जुळवले. उरलेले तीन रॉड एकेक करून सपाट काचेवर उभे केले. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे ते उभे राहिले, म्हणजे सरळ एकही नव्हता.

"हा पळवून तुटलेला नाही," आमोद म्हणाला. "पळवून तुटतो तो ताणून तुटतो. हा दाबाने वाकलाय, आणि वाकून वाकून मग तुटलाय. वहिनी, जड गिअर टाकून सायकल चढावर न्यायची, आणि वरून कुणीतरी आपल्या गुडघ्यावर घण घालतोय. ती तडतड म्हणजे ते घण. खालच्या गिअरला टाकून जरा पळवली असती ना, तर काही झालं नसतं."

सुदर्शनला हसू आलं. ते त्याने अर्ध्यावर परत घेतलं, कारण नम्रता उठून उभी राहिली होती.

तिने फार आवाज चढवला नाही. तिने फक्त एकेकाचा हिशोब विचारला. यंत्राची चाकी लहान लावून इंजिनाच्या नाकात आणखी हवा कुणी कोंबली होती? आमोदने कान खाजवला. भारीतलं पेट्रोल कुणी बंद केलं होतं? सुदर्शन वर्तमानपत्र वाचायला लागला, ते तेलाने भिजलेलं होतं तरी. पाचवा टाकून विसरून जा, हे ज्ञान कुणी दिलं होतं? ते गृहस्थ या वेळी सोसायटीत बसून तिला स्वतःला आवरायला सांगत होते. आणि मोहरी तडतडते आहे हे जगात एकट्या कुणी ऐकलं होतं, महिनाभर कुणी सांगितलं होतं, आणि भास कुणाला होत होता? "तिघांनी मिळून मोडलीत," ती म्हणाली, "आणि फोटो माझा लागलाय." मग ते लाल यंत्र उतरवून साधं, जसं होतं तसं इंजिन बसवायला सांगून, मोडलेल्या रॉडचा मोठा तुकडा तिने पिशवीत टाकला आणि ती निघाली.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या बागेतल्या बाकावर तिने मिसबाला आणि केतकीला बोलावलं. रॉड तिने भांड्यांच्या साबणाने घासून लख्ख केला होता, कारण पुरावा झाला तरी तेलकट कशाला दाखवायचा. तो मध्ये ठेवून तिने सगळं समजावलं, सायकल, गुडघा, घण, मोहरी. आयुष्यात कुठल्या परीक्षेत तिने इतकं मुद्देसूद उत्तर लिहिलं नव्हतं. आपण वेगाने जात नव्हतो हे आता सिद्ध झालं, तेव्हा आपली टर्न परत मिळावी आणि कासिम मागे बसावा, असं तिने शेवटी सांगितलं.

केतकीने रॉड उचलून पाहिला. "म्हणजे बाई, तू पळवतच नव्हती?"

"नाही."

मिसबा बाकावर पुढे सरकली. तिने विचारलं, "रोज पस्तीस?"

"रोज. चढ आला की तीस."

"पावसाळ्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून," नम्रता अभिमानाने म्हणाली.

मिसबाने ओढणी सारखी केली. तिचा आवाज चढला नाही, पण शनिवार पेठेत आवाज चढवायची गरज कधीच पडत नसते. ती म्हणाली, की शाळेच्या बाईंनी तिला फाटकात गाठून कासिम सारखा उशिरा येतो म्हणून सुनावलं होतं. तिला वाटलं पोरगा बूट घालायला वेळ लावतो. म्हणून ती गेला सगळा पावसाळा त्याला अंधारात उठवत होती. केतकीलाही धम्मदीपवरून बाईंनी हेच ऐकवलं होतं, आणि तिने नवऱ्याच्या आंघोळीवरून घरात रामायण केलं होतं. नवरा आता थंड पाण्याने तीन तांब्यांत उरकत होता.

"पोचायचो ना पण," नम्रता म्हणाली. "सुखरूप."

"प्रार्थना संपल्यावर," मिसबा म्हणाली.

 निर्दोष ठरूनही आपल्यालाच ऐकून घ्यावं लागतंय, हा अन्याय कुठल्या कायद्यात बसतो हे नम्रता शोधत होती. तोवर त्या दोघी एकमेकींकडे बघून नजरेने काहीतरी ठरवत होत्या. शेवटी मिसबाने निकाल दिला. सकाळी सोडायला नम्रता नको. ते दोघींमध्ये.

"आणि आणायला?" नम्रताने विचारलं.

"आणायला रोज तू. कायमची."

नम्रताला हे दयेचं काम वाटलं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. मिसबा पहिल्यांदाच जरा मऊ झाली. "दया कसली? तू आणायला गेलीस की मुलं पाऊण तास उशिरा येतात. तेवढ्यात मी झोपते. तुझी गाडी मोडल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही."

"मी तर भांडी टाकून झोपते," केतकी म्हणाली. "मले वाटलं होतं, शाळाच उशिरा सुटते."

तीन मुलं विश्वासाने सोपवली जात होती, आणि कारण हे होतं. नम्रताने हिशोब केला, अपमान किती आणि मान किती. मग तिने अट घातली. दुपारी तिच्या गाडीत नियम तिचे, सकाळी त्यांच्या गाडीतही तिचेच. कासिम मागे बसेल. फोन बंद. दोघींनी लगेच मान्य केलं. झोपेसाठी माणूस काहीही मान्य करतो.

गाडी साध्या इंजिनाने परत आली त्या दिवशी नम्रताने तिघींच्या ग्रुपवर लिहिलं. "आजपासून आणायला मी. गाडी त्या त्या वेगाला योग्य त्या गिअरमध्ये चालवली जाईल. वेग पूर्वीचाच राहील. कुठपर्यंत आलीस असा फोन कुणीही करू नये."

तिने किल्ली घेतली, चप्पल घातली, तोवर दोघींची उत्तरं आली होती. दोघींनीही एकच लिहिलं होतं, आणि आजवर तिला कुणी इतक्या मनापासून तसं लिहिलं नव्हतं.

"सावकाश ये."